पालथी खापरी

डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं, आणि त्या अख्ख्या गावाचा मिळून एकच विस्तव होता.

तो विस्तव असायचा घंटा ओतायच्या कारखान्यात. ओतारी लोकांचं गाव ते. देवळातल्या घंटा, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, नदीच्या उतारावर नावाड्याला हाक मारायची घंटा, सगळं तिथंच घडायचं. तिथली भट्टी कधी विझत नसे. संध्याकाळी काम सुटलं की ज्यानं त्यानं आपापली खापरी घ्यायची, भट्टीतले चार निखारे तिच्यात घालायचे आणि घरची चूल त्यावर पेटवायची. वाडवडलांपासूनची रीत. गावात वेगळी आग कुणी पाडत नसे. पाडली तर भट्टीमाय रुसते म्हणायचे.

खापरी म्हणजे काय हो, फुटक्या मडक्याचा बुडखा. पण कारखान्याच्या दाराशेजारी एक लांब फळी होती, आणि तिच्यावर प्रत्येकाच्या खापरीची जागा ठरलेली होती. बाप गेला की त्याच जागी मुलाची खापरी यायची.

कारखान्याचे थोरले मालक होते तोवर सगळं सरळ होतं. दसऱ्याला भट्टीची पूजा झाली की ते खांबाला टेकून उभे राहायचे आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगायचे, "पिऊन भट्टीपाशी यायचं नाही. मूस उचललेल्या माणसाला आडवं जायचं नाही. भांडा हवं तेवढं, पण हात उगारायचा नाही. ओतणी चालू असताना तोंड बंद, धातूचा आवाज कानाला कळावा लागतो. मात्र साच्यात ओल दिसली, तर 'ओल!' म्हणून बोंब मारायची. तिथं लहानथोर नाही. ओल म्हटलं की मूस खाली."

कारण तसंच होतं. मूस म्हणजे धातू वितळवायचं जाड भांडं. तिच्यातला तो लालबुंद रस ओल्या साच्यात पडला, तर आतल्या पाण्याची डोळ्याचं पातं लवायच्या आत वाफ होते, आणि साचा तोफेसारखा फुटतो. समोर उभा असेल तो गेलाच म्हणायचा.

कुणी चुकलं तर थोरले मालक त्याला समोर बसवायचे. "हे तू केलंस. बोल, तुझं काय म्हणणं?" त्याचं सगळं ऐकून घ्यायचे. मग त्याची खापरी फळीवर पालथी घालायचे, एका संध्याकाळपुरती. तो माणूस मान खाली घालून शेजारी निखारा मागायला जाई. शेजारी दोन टोमणे मारून का होईना, देई. सकाळी खापरी पुन्हा उताणी. विषय संपला.

पुढं थोरले मालक वारले आणि त्यांचा मुलगा गादीवर बसला. तो लहानपणापासून आजोळी वाढलेला. भट्टीची भाषा त्याला येत नव्हती, आणि येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून त्याचा जीव नुसता टांगणीला. कारागीर आपसात हसले की त्याला वाटायचं, मलाच हसले. कुणी कुजबुजलं की वाटायचं, माझ्याबद्दलच चाललंय. भिणारा माणूस दुसऱ्याला भिववायला लागतो, तसं त्याचं झालं.

एक दिवस त्यानं सगळ्यांना अंगणात उभं केलं.

"आजपासून या कारखान्यात गैरवर्तन खपवून घेतलं जाणार नाही. जो गैरवर्तन करील त्याची खापरी पालथी होईल. एका दिवसापुरती नाही. कायमची."

घंटा घासून लखलखीत करणारा एक कारागीर होता, मोकळ्या स्वभावाचा. त्यानं विचारलं, "मालक, गैरवर्तन म्हणजे नेमकं काय काय, ते सांगितलंत तर बरं होईल. म्हणजे आम्हालाही सांभाळून राहता येईल."

"सरळ माणसाला हे विचारावं लागत नाही," एवढं बोलून मालक आत गेले.

त्या संध्याकाळी घासणाऱ्याची खापरी पालथी होती.

तो थोडा वेळ फळीसमोर उभा राहिला. मग रिकाम्या हातानं घराकडे निघाला. वाटेत त्यानं शेजाऱ्याच्या दारात हाक दिली, तर आतून उत्तर आलं नाही. त्याला निखारा देणं हेही गैरवर्तन असलं तर? कोण सांगणार? दोन दिवस थंड चूल बघून तो बायकामुलांना घेऊन गाव सोडून गेला.

आता या कारखान्यात साचे शेकायचं काम गोजराकाकीकडे होतं. मातीचा साचा खड्ड्यात उभा करून भोवती गोवऱ्यांची मंद आग लावायची आणि तो आतून बाहेरून हाडासारखा कोरडा करायचा, हे तिचं काम. नवरा गेल्यापासून तिनं दुसरं काही केलं नव्हतं. घरी तिची लेक बाळंतपणाला आली होती. पौषाची थंडी, आणि मूल झालं ते दिवस भरायच्या आधीच. एवढंसं, सशाच्या पिलासारखं. सुईण जाताना म्हणाली होती, "गोजरा, बाजेखालची शेगडी विझू देऊ नकोस. या पोराला दुधाइतकीच ऊब हवी."

तेव्हापासून काकीला एकच धास्ती. रोज संध्याकाळी काम सुटलं की ती फळीकडे जायची, पण डोळे वर करायला धजायची नाही. आधी हातानं चाचपायची. खापरीचा काठ वर लागला की श्वास सोडायची.

पुढची खापरी पालथी झाली ती माती कालवणाऱ्याची. त्यानं काय केलं, कुणालाच उमगलं नाही. तोही गाव सोडून गेला.

"तो अंगणातून धावला होता," मूस उचलणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला हळूच म्हणाला.

"अरे, पाण्याची घागर लवंडली म्हणून धावला तो," धाकटा म्हणाला.

"धावला तर धावला ना? तेच असणार."

झालं. त्या दिवसापासून कारखान्यात कुणी धावेना. मग कुणीतरी म्हणालं, मालकांसमोर खोकू नये. कुणी म्हणालं, जेवताना भाकरीचा आवाज होऊ देऊ नये. एकाला वाटलं, लाल पागोटं मालकांना खुपतं. दुसऱ्या दिवशी सगळी लाल पागोटी घरी राहिली. मालकांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पण त्यांनी काही सांगितलं नव्हतं, म्हणूनच तर सगळं त्यात बसत होतं.

भाता ओढणारे एक म्हातारे मामा होते, जन्माचे थट्टेखोर. ते भाता ओढता ओढता पुटपुटले, "गोजरे, परवा मला शिंक येत होती. अशी दाबली, अशी दाबली, की कानातनं बाहेर निघाली बघ."

काकीला हसू आलं, आणि लगेच तिनं पदर तोंडावर धरला. मामांनीही इकडंतिकडं बघितलं. कोण बघत होतं का? भाऊ बघत होते. ते आपल्याकडेच बघत आहेत असं काकीला वाटलं. त्यांना वाटलं, काकी आपल्याकडे बघते आहे. लहानपणापासून एका भट्टीपुढं वाढलेली माणसं, पण आता कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना.

अशात नदीपलीकडच्या मोठ्या देवळाची घंटा ओतायचं काम आलं. माणसाएवढी उंच घंटा. तिचा साचा अंगणातल्या खोल खड्ड्यात उभा राहिला, आणि काकीनं शेकोटी लावली. पण दिवस धुक्याचे. सकाळी गवतावरून चालावं तर पावलं भिजावीत. मातीनं ती सगळी ओल ओढून घेतली होती. साचा अजून बराच शेकायला हवा होता.

मालक येऊन म्हणाले, "आग काढा. उद्या सकाळचा मुहूर्त आहे."

काकीच्या जिभेवर शब्द आला होता. मालक, अजून कच्चं आहे. तोंड उघडलंही तिनं. पण तिच्या डोळ्यांसमोर ती लांब फळी आली, आणि तिनं तोंड मिटलं.

"काही म्हणायचं आहे का बाई?"

"नाही मालक."

तिनं आग काढली.

सकाळी सगळे जमले. भट्टी धडधडत होती. धातू पाण्यासारखा झाला होता, आणि त्याच्या उजेडात माणसांचे चेहरे लाल दिसत होते. साच्याच्या माथ्यावर दोन भोकं असतात, एक धातू ओतायचं आणि एक आतली वाफ निघून जायचं. काकीनं जुन्या सवयीनं आपली पितळी झाकणी घेतली. रात्रभर बाहेर ठेवलेली, गारेगार. ती तिनं वाफेच्या भोकावर धरली आणि उचलून बघितली.

झाकणीवर दव धरलं होतं. तिनं बोट फिरवलं, तर बोटाला पाणी लागलं.

तिनं वर बघितलं. भातेवाल्या मामांनी ती झाकणी बघितली होती. दोघा भावांनीही बघितली होती. ओताऱ्याच्या पोटचा कोण असा, की ज्याला दव लागलेल्या झाकणीचा अर्थ कळणार नाही? पण मामांनी नजर भात्याकडे वळवली. थोरला भाऊ चिमटा उचलायला वाकला. सगळे गप्प. ओतणीच्या वेळी गप्पच राहायचं असतं ना.

"पहिली मूस उचला," मालक म्हणाले.

भावांनी चिमट्यात धरून मूस उचलली.  

काकी झाकणी हातात धरून उभी होती. 'ओल!' म्हणून ओरडायचं, एवढंच तर होतं. पण थोरल्या मालकांची ती मुभा आता चालते का? कुणी मोडली नव्हती, कुणी राखलीही नव्हती. ओरडलं, आणि तेच गैरवर्तन ठरलं तर? बाजेखालची शेगडी. राख होत जाणारे निखारे. बाळाची ती पावलं, बोराएवढी. संध्याकाळी शेजारणींची मिटलेली दारं. आणि नाही ओरडलं तर? ही दोघं पोरं तिच्या डोळ्यांदेखत वाढलेली. धाकट्याच्या तर बारशाला तिनं पाळणा म्हटला होता.

भाऊ एकेक पाऊल टाकत साच्याकडे निघाले.

तेव्हा काकी वळली आणि दाराकडे चालू लागली. ओतणीच्या वेळी जागा सोडून. सगळे थक्क होऊन बघत राहिले. ती फळीपाशी गेली, तिनं आपली खापरी दोन्ही हातांनी उचलली, आणि स्वतःच पालथी घातली.

मातीचा तो ठक् आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

जी गोष्ट होईल म्हणून महिनाभर ती झुरत होती, ती होऊन गेली. भीती गेली असं नाही, पण तिची पकड सैल पडली. काकीनं छातीत श्वास भरून घेतला आणि ओरडली, "ओल! ओल आहे! मूस खाली!"

भावांच्या हातांनी मालकांच्या हुकमाची वाट पाहिली नाही. ते हात थोरल्या मालकांनी घडवलेले होते. मूस जमिनीवर टेकली.

मालकांना वाटलं, सगळ्यांनी मिळून आपली फजिती मांडली आहे. "उचला ती!"

कुणी हलेना. थोरला भाऊ रडकुंडीला येऊन म्हणाला, "मालक, आधी एवढं सांगा. उचलली तर गैरवर्तन, का नाही उचलली तर?"

"मी ओततो! बघा मग कुठली ओल!" मालकांनी लांब दांड्याची पळी घेतली, मुशीत बुडवली आणि साच्याच्या तोंडात रिकामी केली.

एक पळीच ती. पण धरणीच्या पोटात कुणी ओरडावं तसा आवाज झाला. साच्याच्या तोंडातून धातू उलटा उसळला, आणि त्याचे जळते थेंब मालकांच्या अंगावर आले. त्यांची बाही पेटली. ते मागं कोलमडले, जमिनीवर पडले, हात झाडू लागले.

"विझवा! अरे, विझवा कुणीतरी!"

आणि लेकरांनो, या गोष्टीतलं सगळ्यात भयंकर ते आता ऐका. कुणीही धावलं नाही.

त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धाकट्या भावाचा पाय उचललाही गेला होता, पण तसाच अधांतरी थांबला. कारण अंगणातून धावायचं नसतं. मालकांच्या अंगाला हात लावायचा असतो की नाही, कुणाला माहीत? माणूस समोर जळत होता, आणि शहाणीसुरती माणसं आपापल्या जागी दगडासारखी उभी होती.

धावली ती एकटी गोजराकाकी. तिची खापरी आधीच पालथी होती, तिला आता कोण काय करणार? तिनं माती भिजवायच्या हौदातलं ओलं गोणपाट ओढलं आणि मालकांच्या अंगावर टाकून त्यांना घट्ट धरून ठेवलं.

आग विझली. मालक वाचले, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

मामांनी हाताला तुपाचं बोट लावलं. मालक पायरीवर टेकून बसले. मग त्यांनी विचारलं, "साचा ओला आहे, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना," काकी म्हणाली.

"मग कुणी बोललं का नाही?"

"बोललेलं चालतं का, ते माहीत नव्हतं मालक."

"आणि मी जळत होतो तेव्हा? तेव्हा तरी धावायचं होतं!"

धाकटा भाऊ मान खाली घालून म्हणाला, "माती कालवणारा धावला म्हणून तुम्ही त्याला काढलंत ना."

"धावला म्हणून? मी कधी त्याला धावला म्हणून काढलं?"

"मग कशाला काढलंत, मालक?"

मालकांनी आठवायचा फार प्रयत्न केला. त्या दिवशी त्यांना कसला तरी राग आला होता, एवढंच आठवत होतं. एक घर थंड झालं होतं, एक माणूस गावातून उठला होता, आणि ज्यानं उठवलं त्यालाच कारण आठवत नव्हतं.  

संध्याकाळ झाली. काम सुटलं, पण फळीकडे कुणी जाईना. काकी सवयीनं गेली आणि आपली पालथी खापरी बघून तिथंच थांबली. शेवटी तिनं खापरीला हात न लावता घराची वाट धरली.

"काकी," मागून हाक आली. मालक आले होते. त्यांनी डाव्या हातानं ती खापरी उताणी केली, अवघडत चार निखारे घातले आणि तिच्यापुढं धरली.

काकीनं ती घेतली नाही. हळूच म्हणाली, "मालक, मी आज ओतणीची जागा सोडली. ते चूक असेल तर मला समोर बसवा, माझं ऐका आणि मग काय द्यायची ती शिक्षा द्या. मी नाही म्हणणार नाही. पण निखारा माझा एकटीचा नाही. तो बाजेवरच्या बाळाचा आहे. त्यानं काय गैरवर्तन केलं?"

मालकांनी मान खाली घातली आणि खापरी तशीच पुढं धरून ठेवली. मग काकीनं खापरी घेतली आणि पदराआड धरून ती झपाझपा निघाली. अंगणातून धावतच निघाली म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः गावोगाव हिंडले. माती कालवणारा दोन कोसांवर भेटला. आधी तो दार उघडेना, मग आला. घासणारा मात्र फार लांब निघून गेला होता. तो काही सापडला नाही. फळीवरची त्याची जागा अजून रिकामी ठेवतात. दुसऱ्याची खापरी तिथं ठेवत नाहीत.

मग मालकांनी सगळ्यांना भट्टीभोवती बसवलं आणि म्हणाले, "या कारखान्यात वाईट वागणं म्हणजे काय, ते मला एकट्याला ठरवता येणार नाही. मला हे काम पुरतं येतही नाही. तुम्ही सांगा."

हे ऐकून कुणी हसलं नाही.

बोलता बोलता दुपार झाली. थोरल्या मालकांचे जुने नियम सगळ्यांना पाठ होतेच, त्यांत थोडी भर पडली. चूक काय ती आधी सांगायची, शिक्षा मागून. ज्याच्यावर आळ आला त्याचं म्हणणं आधी ऐकायचं. जेवढी चूक तेवढीच शिक्षा. आणि चूल कुणाचीच थंड करायची नाही. मामा म्हणाले, "आणि शिंक?" तेव्हा कुठं सगळे हसले. फार दिवसांनी हसले, म्हणून जरा जास्तच हसले.

पुढच्या पौर्णिमेला तो साचा नव्यानं उभा राहिला. काकीनं तो पुरेपूर शेकला. झाकणी धरली, ती कोरडी ठणठणीत निघाली. घंटा अशी उतरली, की नदीपलीकडं वाजली तरी गावात ऐकू येई. काकीच्या घरी ते एवढंसं पोर आता चांगलं बाळसं धरून होतं. घंटा वाजली की ते बाजेवर पाय झाडायचं.

तात्पर्य काय, तर चूक कशाला म्हणायचं हे आधी उघड सांगावं आणि मग शिक्षेचं बोलावं. नेमका सांगितलेला नियम माणसाला सांभाळतो. न सांगितलेल्या नियमाची फक्त भीती उरते, आणि घर पेटलं तरी भ्यालेली माणसं जागची हलत नाहीत.